मिनी ट्रॅक्टरला ट्रॉली: एका हंगामाचा अनुभव आणि पिनवरून झालेला वाद

ट्रॅक्टरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ट्रॅक्टरच्या मागे जिथे ट्रॉली अडकते त्या वीतभर जागेबद्दल. २४ एचपी, फोर व्हील, द्राक्षाच्या नऊ फुटी ओळीत औषध फवारायचा ब्लोअर घेऊन वळतो, डिझेल बेताचं लागतं, हे घेणाऱ्याला घेण्याआधीच माहीत असतं. त्यावर मी वेगळं काय लिहिणार? पण एवढ्याशा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची कशी, किती उंचीवर, कशाने, आणि तिच्यात भरायचं किती, हे ना शोरूममध्ये कुणी सांगतं, ना ट्रॉली बनवणारा. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निमित्त झालं ते ऑक्टोबरात. पिंपळगावला टोमॅटो उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत येत होतो. कालव्याच्या पुलाचा चढ संपला, उतार लागला आणि मागे धाडकन आवाज आला. हुकातली पिन वर सरकून निघून गेली होती. ट्रॉलीचा दांडा सुटला, पण रस्त्यात रुतला नाही, कारण दांड्याखालून फुली मारून बांधलेल्या दोन साखळ्यांवर तो अलगद पडला. या साखळ्या ट्रॉलीबरोबर आलेल्या नाहीत. ट्रॉली घरी आली त्याच आठवड्यात ओझरहून स्वतः आणून लावल्या होत्या. तेव्हा ट्रॉलीवाला म्हणाला होता, "नाना, उगाच खर्च करताय." त्या उगाच खर्चाने त्या दिवशी ट्रॉली जागेवर धरली. मागून शाळेची पोरं सायकलवर येत होती.

साखळी लावताना एक लक्षात ठेवा. दोन्ही साखळ्या सरळ बांधू नका. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, दांड्याच्या खालून. म्हणजे पिन निघाली तरी दांड्याला खाली झोळी मिळते. वळताना ताणणार नाही एवढीच ढील ठेवायची, जमिनीला घासेल एवढी नाही.

आता पिन. घरी आल्यावर मी ती तासभर हातात धरून बघत बसलो होतो. पिन म्हणजे साध्या लोखंडी गजाचा तुकडा, वर वॉशर वेल्डिंग केलेला. दांड्याचं कडं चांगलं जाड, पण त्याचं भोक पिनपेक्षा इतकं मोठं की मधे माझी करंगळी जाते. त्यामुळे गिअर बदलला की खाट, ब्रेक मारला की खाट. प्रत्येक धक्क्याने पिनचा मधला भाग घासून कंबर पडल्यासारखा बारीक झालेला. खालच्या टोकाला भोक पाडून त्यात आर क्लिप, म्हणजे इंग्रजी R सारखी वाकवलेली तारेची चिमटी, अडकवलेली. ती क्लिप कुठे गेली हे मला बागेत सापडलं. गोड्या छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या, काड्या ओळीत पडलेल्या असतात. ट्रॉली त्यावरून गेली की काड्या उभ्या राहून खालून घासतात आणि क्लिपच्या मोकळ्या पायात अडकून ती ओढून काढतात. दुसऱ्या ओळीत तशीच एक जुनी क्लिप मातीत मिळाली, म्हणजे हे आधीही होत होतं. क्लिप गेली की पिन फक्त स्वतःच्या वजनावर उभी. रिकामी ट्रॉली उडते, कडं वरखाली होतं आणि पिनला घासत घासत वर घेऊन जातं.

उपाय स्वस्त आहे, म्हणूनच जास्त चीड येते. कडक पोलादाची, भोकात नीट बसणारी, वर धरायला मूठ असलेली पिन, आणि खाली क्लिपऐवजी कडीवाली लॉक पिन, जिची कडी उलटी पडून घट्ट बसते. काडीने ती निघत नाही. दोन्ही मिळून एका क्रेट टोमॅटोच्या भावातलं काम. लाखाच्या आसपासच्या ट्रॉलीत हे द्यायला काय हरकत होती?

ही पिन घेऊन मी ट्रॉली बनवणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, दोष ट्रॅक्टरच्या हुकाचा, खूप खाली आहे. शोरूमवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, दोष ट्रॉलीचा, दांडा मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा आहे. दोघंही अर्धं खरं बोलत होते आणि दोघांनाही उरलेलं अर्धं काम करायचं नव्हतं. शोरूममधल्या मेकॅनिकने मग जो सल्ला दिला तो ऐकून मी उठूनच आलो. म्हणाला, "दादा, लिफ्टच्या दोन हातांमधे होल पट्टी टाका आणि तिला लावा ट्रॉली. पाहिजे तेवढी वर घ्या." लिफ्टचे हात म्हणजे मागची अवजारं वरखाली करणारे दोन दांडे, होल पट्टी म्हणजे त्यांच्यामधली भोकं पाडलेली आडवी पट्टी. ट्रॉलीवाल्याचाही उपाय त्याच जातीचा: हुकाच्या वर एक ब्रॅकेट वेल्डिंग करून देतो, दांडा सरळ होईल.

हे दोन्ही करू नका. मोठ्या ट्रॅक्टरवर लोक करतात आणि निभावून जातं म्हणून मिनीवरही करतात. ट्रॅक्टर ओढतो तेव्हा मागची चाकं जमिनीला धरतात आणि इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायला बघतो. ओढण्याची जागा मागच्या एक्सलच्या खाली असेल तर ट्रॉलीची ओढ ते तोंड खाली धरायला मदत करते. तीच जागा एक्सलच्या वर गेली की ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढून उलटा पाडायला मदत करते. चढावर क्लच झटक्यात सोडला आणि ट्रॉली अडकलेली असली की पुढची चाकं उचलली जातात, आणि पुढचं सगळं साधारण दीड सेकंदात संपतं. क्लच दाबायला पाय पोचेपर्यंत ट्रॅक्टर अंगावर आलेला असतो. टॉप लिंकच्या, म्हणजे लिफ्टच्या वरच्या मधल्या दांड्याच्या, जागी साखळी लावून ओढणं तर त्याहून वाईट. लिफ्टची पट्टी वापरायचीच असेल तर ती दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून खाली जाम केलेली हवी, म्हणजे लिफ्टचा दांडा चुकून ओढला तरी वर जाणार नाही. नाहीतर ओढायची जागा फक्त एक: खालचा ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागची ओढायची पट्टी.

पण त्या दोघांच्या अर्ध्या सत्याने माझं ट्रॅक्टरबद्दलचं मत बदललं, हेही लिहितो. पावसाळ्यात मी घरात जाहीर केलं होतं की हा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या कामाचा नाही, दिवाळीनंतर विकून ३५ एचपीचा घेऊ. चढावर स्टेअरिंग हलकं पडायचं, वळवलं तरी पुढची चाकं सरळ घसटत जायची. मला ते ताकदीचं दुखणं वाटायचं. पिनच्या भांडणानंतर मी ट्रॉली सपाट ओट्यावर उभी केली आणि बाजूने नीट पाहिली. तोंड खाली, शेपूट वर. दांडा उंच हुकासाठी बनवलेला, माझा हुक खाली. त्यामुळे सगळा माल पुढे सरकून दांड्यावर बसतो. द्राक्षाच्या शेडमधला वजनकाटा आणला, दांड्याखाली लाकडाचा ठोकळा घालून त्यावर टेकवला. भरलेल्या ट्रॉलीचं दांड्यावर येणारं वजन पाहून माझे डोळे उघडले. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के दांड्यावर असावं. माझ्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट होतं. नऊशे किलोच्या ट्रॅक्टरच्या शेपटीवर एवढं बसलं तर पुढची चाकं हलकी होणारच. ताकद कमी नव्हती, तोंडावर वजन उरत नव्हतं.

शेवटी दुसऱ्या एका वेल्डरकडून दांड्याचं कडं कापून खाली घेतलं. ट्रॅक्टरला हात लावला नाही. ट्रॉली आता आडवी पातळीत उभी राहते. पुढच्या बंपरला वजनाच्या प्लेटी लावल्या. तोच पूल, तोच चढ, स्टेअरिंग हातात राहतं. ट्रॅक्टर विकायचा विषय संपला.

उलट टोकही तितकंच वाईट, हे इथे सांगतो. माल मागे भरला तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली मागून शेपूट हलवायला लागते. आमच्याकडे सवय अशी की फाळका पाडायचा आणि हात पोचेल तिथून, म्हणजे मागूनच, क्रेट लावत जायचं. आता मी पहिली रांग पुढे लावायला लावतो आणि अर्धी ट्रॉली उतरवायची असेल तर पुढचं-मागचं सारखं उतरवायला सांगतो.

किती भरायचं याचा हिशोब. ब्रेक नसलेली ट्रॉली भरलेल्या अवस्थेत ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जड नको, तेही ताशी ३२ किलोमीटरच्या आत चालवताना. माझ्याकडे दीडपट म्हणजे साडेतेराशे किलो. रिकामी ट्रॉलीच साडेपाचशेची. उरले आठशे. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, वर क्रेटचं स्वतःचं वजन, म्हणजे पस्तीस-छत्तीस क्रेट. कांद्याच्या ५० किलोच्या गोण्या धरल्या तर सोळा. ट्रॉलीत जागा त्याच्या दुप्पट आहे आणि सगळे ती भरतात. मी भरत नाही. दोन खेपांचं डिझेल जास्त लागतं हे खरं, आणि डिझेलचा पैसा मलाही लागतो, पण उतारावर जड ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, कोपऱ्यात दुमडते, आणि त्या क्षणी आपल्या हातात काही राहत नाही.

उताराबद्दल माझे नियम ठरलेत. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा, मधे क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. कच्च्या उतारावर फोर व्हील टाकलं की पुढची चाकंही इंजिनाला बांधली जातात आणि चारही चाकं रोखतात. याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. डांबरीवर वळताना मात्र फोर व्हील काढा. आणि रस्त्यावर येताना दोन ब्रेक पेडलांना जोडणारी पट्टी लावा. बागेत वळायला एकाच बाजूचा ब्रेक लागतो म्हणून ती सुटी ठेवतात, आणि तशीच सुटी घेऊन लोक आग्रा रोडला लागतात. एका पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली पाठीवर येते. मागची रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, द्राक्षाच्या मांडवाखाली अडते म्हणून दुमडलेली असते. रस्त्यावर ती उभी करायची आणि पट्टा बांधायचा. बार दुमडलेली असताना पट्टा बांधायचा नाही, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं.

जोडताना आमच्याकडे सर्रास दिसणारं दृश्य: एक जण पहारीने दांडा उचलून मधे उभा, दुसरा रिव्हर्स घेतोय, "या, या, या, अजून थोडं." पाय घसरला क्लचवरून की मधला माणूस गेला. मी दांड्याला फिरवायचा जॅक बसवून घेतला. ट्रॉलीच्या चाकांना दगड, जॅकने कडं हुकाच्या उंचीला, मग रिव्हर्स. मधे कुणी नाही. ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक, मग खाली उतरून पिन.

माणसांबद्दल मी जरा कडक आहे. छाटणीला पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात. संध्याकाळी थकलेली माणसं दांड्यावर, मडगार्डवर बसतात, बायका लेकरं घेऊन रिकाम्या ट्रॉलीत उभ्या राहतात. दांड्यावरून पडलेला माणूस थेट ट्रॉलीच्या चाकाखाली जातो, मधे काहीच नसतं. माझ्या ट्रॅक्टरवर चालक सोडून कुणी बसत नाही. पिकअपचं भाडं मी देतो. मुकादम सुरुवातीला नाराज झाला, आता तोच बाकीच्यांना सांगतो.

कागदांचं थोडक्यात: ट्रॉलीची नोंदणी वेगळी आहे, आणि ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीत ट्रॉली स्वतंत्र लिहून तिचा हप्ता भरला आहे का ते बघा. माझ्या पॉलिसीत ती लिहायची राहिली होती, विचारल्यावर जोडून मिळाली.

आता उरलंय ते ट्रॉलीचे दिवे आणि ब्रेक. मागचे दिवे सॉकेटच्या सैल वायरमुळे कधी लागतात कधी नाही, तोवर रात्री ट्रॉली रस्त्यावर काढत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवली आहे. ब्रेकचं कोटेशन नव्या वेल्डरकडून घेतलंय. आकडा ऐकून घरात दोन मतं आहेत. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत जायच्या आत ते बसवून घ्यायचे असं मी ठरवलंय, कारण चाळीपर्यंतचा आमचा रस्ता सगळा उताराचा आहे.