नूतनीकरणाचे टप्पे: रेव्हिट की आर्किकॅड?

उभ्या इमारतीतलं काम हाती आलंय आणि संगणकावरचं मॉडेल रेव्हिटमध्ये करायचं की आर्किकॅडमध्ये (दोन्ही इमारतीचं मॉडेल बनवून त्यातून ड्रॉइंग काढायची सॉफ्टवेअर) यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्हींत मी नूतनीकरणाची कामं केली आहेत. नवीन बांधकामासाठी कुठलं चांगलं, हा वाद इथे नको. भिंती पाडणं, उभारणं आणि त्यांचा हिशेब ठेवणं, एवढ्यापुरतंच बोलू.

आर्किकॅडमध्ये ही सोय 2011 च्या पंधराव्या आवृत्तीत आली आणि ती समजायला फारच सोपी आहे. प्रत्येक भिंतीला, दाराला एक स्टेटस असतं: एक्झिस्टिंग, पाडायचं किंवा न्यू. रिनोव्हेशन फिल्टर, म्हणजे कुठल्या स्टेटसचं काय दिसावं हे ठरवणारी सेटिंग, बदलला की त्याच प्लॅनमधून आधीची स्थिती, तोडफोड आणि नवं काम अशी तिन्ही ड्रॉइंग निघतात. नव्या माणसाला शिकवायला फार वेळ लागत नाही. मोजणी, तोडफोड, बांधकाम आणि ताबा असं काम एका दमात होणार असेल, तर मी आजही आर्किकॅडच सुचवेन.

रेव्हिट भिंतीला असं लेबल लावत नाही. ते दोनच गोष्टी विचारतं: ही कुठल्या फेजमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यात, उभी राहिली आणि कुठल्या फेजमध्ये पाडली? ती जुनी की नवी, हे तुम्ही प्लॅन कुठल्या फेजमधून बघताय त्यावर ठरतं. सुरुवातीला हे डोक्यात बसत नाही. व्ह्यूची, म्हणजे ज्या प्लॅनमध्ये तुम्ही काढताय त्याची, फेज चुकली तर मोजणीतली जुनी भिंतसुद्धा नवी म्हणून नोंदली जाते.

मला निर्णयापर्यंत आणलं ते एका वापरात असलेल्या इमारतीच्या कामाने. अर्धा भाग रिकामा करून तिथे काम, मग माणसं तिकडे हलवायची आणि उरलेला अर्धा घ्यायचा. मध्ये धूळ आणि आवाज अडवायला एक तात्पुरती भिंत. आता आर्किकॅडमध्ये या भिंतीला स्टेटस काय द्यायचं? पहिल्या टप्प्यात ती नवी आहे, दुसऱ्यात पाडायची आहे, आणि स्टेटस तर एकच देता येतं. पहिल्या टप्प्यात बांधलेल्या प्रत्येक भिंतीचं तेच. दुसऱ्या टप्प्यासाठी ती एक्झिस्टिंग केली की पहिल्या टप्प्याच्या ड्रॉइंगमधून ‘नवी’ म्हणून ती गेलीच. लेयर (ड्रॉइंगचे चालू-बंद करता येणारे थर) वापरून वाट काढता येते, पण लेयर वाढत जातात आणि कुठला कधी चालू ठेवायचा हे एकाच माणसाला ठाऊक राहतं. म्हणून प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल ठेवली. मग गिलावा उतरवल्यावर 230 मिमी धरलेली भिंत 350 मिमीची निघाली. ती सगळ्या फाइलींत दुरुस्त करायची, तिला टेकलेल्या आडव्या भिंती सरकवायच्या, मापं पुन्हा तपासायची. जुन्या इमारतीत असे शोध रोजचेच असतात, त्यामुळे ही कटकट कधी संपतच नाही.

रेव्हिटमध्ये त्या भिंतीची जाडी एकदाच बदलावी लागते, कारण सगळ्या टप्प्यांत भिंत तीच असते. तात्पुरती भिंत पहिल्या टप्प्यात उभी, दुसऱ्यात पाडलेली, एवढी नोंद पुरते. एकाच फेजमध्ये उभारून पाडली तर तिला टेम्पररी असं वेगळं स्टेटस आपोआप मिळतं.

रेव्हिटचा त्रासही आहे, आणि तो कमी नाही. रूम, म्हणजे मॉडेलमधल्या खोल्यांच्या नाव-नंबरांच्या नोंदी, एका फेजमधून दुसऱ्या फेजमध्ये जात नाहीत. ज्या खोलीला हातही लागलेला नाही, तीसुद्धा पुढच्या फेजमध्ये पुन्हा ठेवायची, नाव आणि नंबर पुन्हा भरायचे. मोठ्या कामात जीव मेटाकुटीला येतो. जुन्या भिंतीतलं दार पाडलं की भोक आपोआप बुजवलं जातं, ही सोय छान. मात्र ते मूळ भिंतीच्याच प्रकाराने बुजतं. दगडी भिंतीत ब्लॉक भरणार असाल तर तो तुकडा निवडून त्याचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर मटेरियलच्या हिशेबात नवा दगड दिसेल. अर्धीच भिंत पाडायची तर दोन्हींत ती आधी तोडून दोन करावी लागते, तिथे डावं-उजवं काही नाही.

तुमच्याकडची कामं लहान आणि एकटप्पी असतील तर माझा कल तुम्हाला कदाचित पटणार नाही. पण ‘आम्ही राहतच काम करून घेऊ’ हे वाक्य ग्राहक बहुधा काम सुरू झाल्यावरच उच्चारतो, म्हणून मी हल्ली मॉडेल रेव्हिटमध्येच सुरू करतो. तुम्हीही त्या बाजूला झुकलात तर फेज आधी कागदावर ठरवा. मध्ये नवी घालता येते, पण असलेल्यांचा क्रम मागाहून बदलता येत नाही. आणि तोडफोडीसाठी वेगळी फेज करू नका. ज्या टप्प्यात पाडायचं त्याच्याच प्लॅनला ‘शो प्रीव्हियस + डेमो’ हा, आधीचं आणि पाडायचं तेवढंच दाखवणारा, फिल्टर लावला की तोडफोडीचं ड्रॉइंग तयार असतं, आणि रूम भरण्याची एक फेरीही वाचते.