अ‍ॅडेनोविषाणू की एमव्हीए: पेशीचा पहारा कोणाला कसा ओळखतो

बेळगावकरांना टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो आज मोकळ्या झाडीसाठी ठाऊक असला, तरी तिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. त्या लशीतील व्हॅक्सिनिया विषाणूचाच क्षीण केलेला वंशज असलेला एमव्हीए (मॉडिफाइड व्हॅक्सिनिया अंकारा) आणि आपल्या तालुक्यांत २०२१ साली कोविशिल्डमधून दंडात गेलेला चिंपांझीचा अ‍ॅडेनोविषाणू, हे दोन्ही लसवाहक (म्हणजे दुसऱ्या रोगजंतूचे जनुक पेशीत पोचवणारे) डीएनए विषाणूच आहेत. पण जन्मजात प्रतिकारयंत्रणेला ते वेगवेगळ्या जागी सापडतात.

अ‍ॅडेनोविषाणू पेशीतील पुटिका फोडून आपला डीएनए केंद्रकाकडे नेतो. या प्रवासात पुटिकेतील टीएलआर-९ आणि पेशीद्रवातील सीजीएएस हे संवेदक त्याला हेरतात. सीजीएएसचा निरोप स्टिंग या प्रथिनामार्फत पुढे जाऊन इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन निर्माण होते. हे इंटरफेरॉन अति झाले, तर वाहकाने आणलेल्या जनुकापासून होणारी प्रथिननिर्मितीच खुंटते.

एमव्हीए मात्र केंद्रकात न जाता पेशीद्रवातच कारभार थाटतो. सीजीएएसबरोबरच आरएनए ओळखणारा एमडीए-५ आणि पेशीपृष्ठावरील टीएलआर-२ हेही त्याच्याविरुद्ध जागे होतात. कोंबडीच्या भ्रूणपेशींत ५०० हून अधिक वेळा वाढवताना त्याने प्रतिकार चुकवणारी अनेक जनुके गमावली आहेत. (दुहेरी आरएनए झाकणारे ई-३ मात्र त्याने जपून ठेवले आहे!)

एकाच मात्रेत काम उरकायचे असेल तर मी अ‍ॅडेनोविषाणू निवडेन. आधीच्या लशीने जागवलेली प्रतिकारस्मृती वाढवायची असेल तर एमव्हीए.