नील बेट: अर्ध्या दिवसात उरकायची जागा नव्हे

कोल्हापुरातून अंदमानला जाणारी बहुतेक मंडळी सेल्युलर जेल आणि हॅवलॉक बेट डोळ्यासमोर ठेवून निघतात. पाच रात्री-सहा दिवसांच्या ठरलेल्या सहलीत नील बेट, म्हणजे 2018 पासूनचं शहीद द्वीप, हे मधल्या दिवशी सकाळी उतरून दुपारी सोडायचं ठिकाण असतं. आमचं मत स्पष्ट आहे: नीलला दोन रात्री द्या, नाहीतर तिकिटाचे पैसे वाचवा. या बेटावर काय दिसणार हे तुमच्या सहलीच्या वेळापत्रकावर नाही, भरती-ओहोटीवर ठरतं.

लक्ष्मणपूर दोन नंबरचा किनारा घ्या. प्रवाळाच्या दगडाची नैसर्गिक कमान इथेच आहे. तिच्याकडे जायची वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडकावरून जाते, आणि भरतीला ती पाण्याखाली असते. दुपारच्या बोटीची घाई असलेले गट पुष्कळदा भरतीच्या वेळी पोचतात, लांबून फोटो काढतात आणि परत फिरतात. ओहोटी दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते आणि रोज जवळपास पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे दोन रात्री राहिलात तर उजेडातली निदान एक ओहोटी हमखास मिळते. ओहोटीच्या तासभर आधी वाटेला लागा आणि पाणी चढायला लागलं की लगेच मागे फिरा. खडकातल्या खळग्यांत साचलेलं पाणी हीच इथली खरी गंमत. काठावर बसून दोन मिनिटं हालचाल न करता बघा: आधी नुसता दगड वाटतो, मग त्यात समुद्रकाकडी दिसते, फटीत अडकलेला निळ्या-जांभळ्या ओठांचा शिंपला दिसतो आणि सावली पडली की तो मिटतो. वाटेच्या तोंडाशी स्थानिक वाटाडे असतात, त्यांना जरूर सोबत घ्या. कुठल्या खळग्यात काय बसलंय हे त्यांना पाठ असतं. पण कुणी प्राणी हातात काढून द्यायला लागलं तर नको म्हणा.

तारीख ठरवताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच लांब ओसरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी ओसरणारी ओहोटी मिळते, तेव्हा वाट जेमतेम उघडी पडते.

पायात काय घालायचं हा इथे किरकोळ प्रश्न नाही. खडक धारदार आहे आणि शेवाळलेला आहे. आपलं कोल्हापुरी पायताण बॅगेतच राहू द्या. खाऱ्या पाण्यात चामडं फुगतं, वाळल्यावर कडक होतं, आणि ओल्या खडकावर तो तळवा निसटतो. मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. साधी स्लिपर पहिल्याच खळग्यात अडकते.

जेट्टीला लागून असलेला भरतपूर किनारा पोहण्यासाठी सगळ्यात चांगला: उथळ, शांत, आणि ऊन चढल्यावर पाण्याचा रंग असा की नाद खुळा. मात्र हिशेब इथे उलटा. भरतपूरला पाणी चढलेलं असताना जा. ओहोटीला खडक वर येतात, पोहणारा खरचटतो आणि जिवंत प्रवाळही पायाखाली तुटतं. स्नॉर्केलिंग करताना क्रीम थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि क्रीममधली रसायनं प्रवाळावर जात नाहीत.

सूर्यास्त लक्ष्मणपूर एकवर, सूर्योदय सीतापूरला. घड्याळ मात्र विसरा. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि वेळ तीच भारतीय, त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपासच बुडतो. रंकाळ्यावर आपण फिरायला बाहेर पडतो त्या वेळी तिथे अंधार असतो. चारला किनाऱ्यावर हजर राहा. सीतापूरसाठी पहाटे पाचच्या आत निघा, जेट्टीपासून ते साधारण पाच किलोमीटर आहे. बेट लहान आहे, भाड्याची सायकल किंवा स्कूटर पुरते.

जेवण साधं आणि चांगलं. वस्ती मुख्यतः बंगाली, त्यामुळे मासे-भात सगळीकडे. बेटावर भाजीपाला भरपूर पिकतो, म्हणून शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. तिखटाची सवय असलेल्यांनी कांदा-लसूण चटणीची पुडी न्यावी. रोख रक्कम पुरेशी ठेवा, कारण नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं.

आता प्रवास. कोल्हापूरहून विमानाने हैदराबाद किंवा बेंगळुरू गाठून पुढे पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. वेळ असेल तर हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपती, बालाजीचं दर्शन, तिथून तीन-चार तासांत चेन्नई आणि मग विमान. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा मार्ग मनापासून आवडतो. पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोट सुमारे दोन तास घेते, खासगी त्याहून कमी. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. बोट लागणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे, कारण बंद एसी केबिनमध्ये मळमळ वाढते. खासगीच घेतलीत तर मधली-मागची खालची जागा मागा आणि उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या, डोलायला लागल्यावर नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते परतीला. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि नीलहून सुटलेली सकाळची बोट थेट दुपारच्या विमानाला जोडलेली असली की विमान जातं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत. जून ते सप्टेंबर टाळा.

याहून एकांत हवा असेल तर लाँग आयलंडचा लालाजी बे आणि लिटल अंदमानचा बटलर बे आहेत. दोन्ही सुंदर, पण आठवड्याच्या सुट्टीत बसत नाहीत. लिटल अंदमानला एका बाजूच्या बोटीतच सहा-आठ तास जातात.

आणि शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका. यातल्या अनेकांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि परतताना विमानतळावर सामानात ते पकडले जातात. मुलांचे खिसे हॉटेल सोडण्याआधीच तपासा.