कॅल्शियमसाठी गोळी, दूध की दही-ताक?

हाडांना कॅल्शियम लागतं हे आता कुणाला सांगायला नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी रोजचा आकडा ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेला. तेवढं आणायचं कुठून, हा खरा प्रश्न.

नुसत्या हिशेबात गोळीला तोड नाही. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम, सोबत बहुधा ड जीवनसत्त्वही. तेवढ्यासाठी दूध चारशे मिलीच्या वर प्यावं लागेल. पण मी सकाळी थायरॉईडची गोळी घेतो आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ती घ्यायची अनशापोटी. कॅल्शियम तिला आतड्यातच अडवून धरतं, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे गोळीतलं नेहमीचं कॅल्शियम, जेवणासोबत घ्यायचं, म्हणजे न्याहारीची वेळ बाद. दुपारी घ्यावी तर डबा ऑफिसात आणि गोळ्यांची पट्टी घरी. रात्री घेतली की सकाळी पोट साफ होत नाही. कुणाला लोहाची गोळी चालू असेल तर तिलाही वेगळी वेळ द्यायची. घड्याळाकडे बघून जगायचा मला मनस्वी कंटाळा आहे. ज्यांना नसेल त्यांना गोळी सोयीची वाटेलही.

दुधाचं म्हणाल, तर सकाळचा पेला त्याच चार तासांत अडकतो. रात्री प्यायलो की पोट गुबारतं. मोठेपणी दुधातली साखर अनेकांना पचेनाशी होते, मी त्यांतलाच असावा. तुम्हाला पचत असेल तर दुधाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. गाय की म्हैस हा वादही कॅल्शियमपुरता फोल आहे, दोन्हींत शंभर मिलीला साधारण १२० मिलिग्रॅम. साय काढल्यानेही फरक पडत नाही. तुपात तर ते नसतंच, पण हाडांना वंगण म्हणून भातावर तुपाची धार धरणाऱ्या आमच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही.

दही दुपारच्या पानात असतंच, त्याची आठवण ठेवावी लागत नाही. तोवर सकाळच्या गोळीचे चार तास केव्हाच उलटलेले असतात. विरजणातले जिवाणू दुधातली बरीच साखर संपवतात, त्यामुळे पोटही कुरकुरत नाही, निदान माझं तरी. ताकात मात्र पाणी किती घातलंय ते बघावं. खानावळीतलं पाणचट ताक मी हिशेबात धरत नाही. श्रीखंडही फारसं धरू नये: दही आंबट झालं की कॅल्शियम विरघळून पाण्यात उतरतं आणि चक्का टांगल्यावर त्याचा मोठा भाग निथळून जातो. ते पाणी ओतून न देता कणीक मळायला घ्यावं, पोळ्याही मऊ होतात.

वाटीभर दह्यातून दीड-दोनशे मिलिग्रॅमच मिळतं हे खरं. दही एकट्याने हजार गाठत नाही, बाकीचं डाळी, पालेभाज्या, तीळ, नाचणी यांतून यावं लागतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, पण तिच्यातल्या फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे सगळं अंगी लागत नाही. आंबवल्यावर हा अडथळा कमी होतो, म्हणून मी भाकरीपेक्षा ताकातल्या आंबिलीला झुकतं माप देतो.

तपासणीत हाडं ठिसूळ निघाली असतील आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल, तर दह्याच्या भरवशावर ती सोडू नये. ड जीवनसत्त्वासाठीही दही कामाचं नाही, त्याला ऊन किंवा डॉक्टरांनी सांगितलेली मात्राच हवी. ही दोन्ही कारणं नसतील तर मी दुपारचं दही-ताकच सुचवेन. पावसाळ्यात गार ताक नको वाटलं तर कढी करावी, उकळल्याने कॅल्शियम कुठे जात नाही.