नाकाचं ऑपरेशन करून झालं, मग थेरपीला गेले – माझा अनुभव

बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरसाठी (आपल्या दिसण्यात मोठा दोष आहे असं सतत वाटत राहतं, इतरांना तो दिसतही नाही किंवा किरकोळ वाटतो) पाच महिने सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी घेतली, 17 सेशन झाली. मी शोधत होते तेव्हा कुणाचाच अनुभव सापडला नव्हता म्हणून लिहितेय.

आधी मी नाकाचं ऑपरेशन केलंय. त्या क्लिनिकमध्ये फोटो काढले, मापं घेतली, पण दिवसातून किती वेळा आरशात बघतेस हे एकानेही विचारलं नाही. नंतर जेमतेम तीन आठवडे बरं वाटलं आणि मग हनुवटी डोक्यात बसली.

थेरपिस्ट मॅडमनी मात्र नाक कसं आहे हा विषयच काढला नाही. या विचारात किती वेळ जातो, काय काय टाळतेस, मोबाईलच्या काळ्या स्क्रीनमध्ये पण बघतेस का, असंच सगळं. मी म्हणाले तास-दीड तास जात असेल, घरी येऊन खरंच मोजलं तर पाच तास निघाले, हादरलेच मी. मग 12 प्रश्नांची एक स्केल असते, 48 पैकी मार्क, जितके जास्त तितका त्रास जास्त, माझे 33 आले. जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारलं. मी रडले, पण या आजारात तो धोका खरंच मोठा असतो, जिथे हे विचारतच नाहीत तिथे जाऊ नका.

सगळ्यात अवघड आरशाचा सराव. हातभर लांब उभं राहायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत फक्त दिसतं ते बोलायचं, "भुवया काळ्या, डावी जरा वर". बेढब, घाण असले शब्द बंद. पहिल्यांदा नाकापर्यंत आले आणि तोंडातून शब्दच फुटेना, मॅडम काही न बोलता थांबून राहिल्या. मग मेकअप न करता बाहेर जाणं, लिफ्टमध्ये ट्यूबलाईटखालीच उभं राहणं. आईला पण शिकवलं, मी "वाकडं दिसतंय का गं" विचारलं की ती म्हणते, याचं उत्तर मी देणार नाही, चल बाहेर पडू. सुरुवातीला फार राग यायचा तिचा.

सोबत सायकियाट्रिस्टकडून एसएसआरआय गोळी, डिप्रेशनवरही देतात तीच. या आजारात डोस बरेचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि वेळही लागतो, मला दहाव्या आठवड्यात फरक जाणवला, त्यामुळे महिन्याभरात काही होत नाही म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

तक्रार एवढीच की 45 मिनिटं पुरत नाहीत, आणि घरच्यांसोबतचं सेशन फार उशिरा, नवव्या वेळी ठेवलं, ते तिसऱ्यालाच हवं होतं.

आणि नट्टापट्ट्याचं वेड म्हणणाऱ्यांसाठी, 1891 मध्येच मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरांनी यावर लिहून ठेवलंय, तेव्हा कुठे होते सेल्फी? आज याला ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराच्या गटात धरतात.

आता स्कोअर 15 आहे. आरसा अजून ओढतो, रात्री जास्तच. पण गेल्या आठवड्यात आयडी कार्डचा फोटो काढला, समोरचा म्हणाला परत काढू का, मी म्हटलं नको, हाच राहू दे.