केबल सोडून गच्चीवर छत्री: नऊ महिन्यांनंतर

डिसेंबरात आम्ही केबल बंद केली आणि गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली. आता ऑगस्ट संपत आलाय. मधे उन्हाळा गेला, क्रिकेट झालं, पावसाळाही बराचसा सरला. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि जुलैत लिहिलं असतं तर नुसती तक्रार. म्हणून थांबले होते.

आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. चार मजली जुनी इमारत, तिसरा मजला. घरात मन लावून टीव्ही बघतात त्या एकट्या सासूबाई. मी आणि नवरा दिवसभर कामावर, मुलाचं सगळं मोबाइलवर. केबलचे महिन्याला 380 रुपये जात होते आणि आई त्यातल्या सात-आठ वाहिन्यांच्या पलीकडे जात नव्हत्या. 2019 साली ट्रायची, म्हणजे केबल-डीटीएचचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दररचना आली, तेव्हा वाटलं होतं की आता हवं तेवढंच घ्यायचं आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. पण तेव्हाही पैसेवाली एकही वाहिनी न घेता नुसत्या जोडणीचेच 130 रुपये, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे पडत होते. आमचं बिल पुढे वाढतच गेलं. त्यात नोव्हेंबरात चार दिवस केबल बंद होती आणि फोन कुणी उचलेना. आई रोज विचारायच्या, "आज येईल का गं?" मग ठरवूनच टाकलं.

फ्री डिश ही दूरदर्शनची सेवा. 2004 च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. बॉक्स आणि छत्री एकदा विकत घ्यायची, पुढे महिन्याचं काही नाही. ना कार्ड, ना रिचार्ज. कुणी 'वर्षाचं रिचार्ज' म्हणून पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. आमच्याकडे बसवायला आलेल्या मुलानेही सहज विचारून बघितलं होतं. स्टेशनजवळच्या दुकानातून बॉक्स, दोन फुटी छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि वायर मिळून 1,850 रुपये लागले, बसवायचे 350. बॉक्स एमपीईजी-4 चाच, म्हणजे चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचाच घ्या. एमपीईजी-2 चा जुना बॉक्स थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. नव्यावर दोन्ही प्रकारच्या दिसतात.

सोसायटीची परवानगी एका अर्जात मिळाली. खरी अडचण आली ती दिशेची, आणि ती ठाण्यात आता बऱ्याच जणांना येणार आहे.

सासरे होते तेव्हा याच गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता. तो वरळीच्या मनोऱ्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे तोंड करून असायचा. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि वरळीचा तो मनोरा 300 मीटर उंच असल्यामुळे ठाण्यातही चित्र यायचं. वाऱ्याने काड्या फिरल्या की सासरे वर जायचे आणि आई खिडकीतून ओरडून सांगायच्या, "आलं, आलं... गेलं!" हे त्यांनीच मला सांगितलंय, तेही कितीदा तरी. आताची छत्री त्या दिशेशी काटकोनात, आग्नेयेकडे बघते, कारण फ्री डिश ज्या उपग्रहावरून येते तो जीसॅट-15 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. ठाण्यातून तो क्षितिजापासून साधारण 57 अंश वर येतो, म्हणजे चांगलाच उंच. त्यामुळे समोरच्या चार-पाच मजली इमारतीची अडचण होत नाही.

आमच्या आग्नेयेला मात्र रिडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहतोय. बसवायला आलेल्या मुलाने पाण्याच्या टाकीजवळ पाइप ठोकला, तासभर छत्री फिरवली, पण टीव्हीवर दिसणारा सिग्नलच्या क्वालिटीचा आकडा शून्यावरून हलेना. "ताई, इकडे नाही येणार," म्हणून तो निघालाच होता. मी त्याला थांबवलं आणि कागदावर आकृती काढली. 57 अंशांचा कोन धरला, तर टॉवर आपल्या गच्चीपेक्षा जितका उंच, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश अंतर तरी छत्री त्याच्यापासून लांब हवी. टॉवर आमच्याहून तेव्हा तीसेक मीटर वर गेला होता, म्हणजे वीस मीटर लांब जायला हवं. टाकी होती जेमतेम बारा मीटरवर. गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या डोक्यावर छत्री नेली आणि दहा मिनिटांत आकडा 78 वर गेला. वायर मात्र पंधरा मीटर जास्त लागली. तुमच्या आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर तो टॉवर शेवटी किती मजल्यांचा होणार हे आधी विचारून घ्या. आमचा अजून सहा मजले चढायचा आहे, त्याचा घोर मला आहेच.

उन्हाळाभर काहीच त्रास झाला नाही. फक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन-चार दिवस सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला चित्र काही मिनिटं फुटायचं आणि आपोआप सुधारायचं. मी बॉक्स बदलायला निघाले होते. मग कळलं की त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि छत्रीला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. ऑक्टोबराच्या सुरुवातीला पुन्हा होईल. तेव्हा बॉक्सला हात लावायचा नाही.

पावसाचं खरं सांगते. रिमझिम पावसात काही होत नाही. पण जुलैत ठाण्यात जो धो धो कोसळतो, समोरची इमारत दिसेनाशी होते, तेव्हा चित्राचे चौकोन होतात आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि जोरदार पाऊस त्या पिऊन टाकतो. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचलाही हे चुकत नाही. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या बहुतेक याहून लांब लहरी पकडतात, म्हणून तिथे आपल्याला ते फारसं जाणवत नाही. आमच्याकडे जुलैभरात असं सात-आठ वेळा झालं, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं.

पण नंतर पाऊस थांबल्यावरही सिग्नल येईना, तेव्हा मी वर गेले. एलएनबीला जोडलेली पिन फिरवून काढली. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती आणि पिनेतून पाण्याचे दोन थेंब माझ्या तळहातावर पडले. बसवताना त्या मुलाने साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ती उन्हाने तडकली होती. मी वायरचं टोक दोन इंच कापलं, नवी पिन बसवली, वर रबरी टेप ताणून गुंडाळली आणि वायर एलएनबीच्या खाली झोळीसारखी सैल सोडली, म्हणजे ओघळणारं पाणी पिनेपर्यंत न जाता झोळीच्या तळाशी ठिबकतं. खर्च 40 रुपये. तेव्हापासून पावसातही आकडा पूर्वीपेक्षा चांगला राहतो. हे काम पहिल्याच दिवशी समोर उभं राहून करून घ्या.

आता दिसतं काय? सह्याद्री आहे, दूरदर्शनच्या बाकी वाहिन्या आहेत, बातम्यांच्या आहेत, हिंदी सिनेमांच्या भरपूर, मराठी मोजक्या. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि 1 एप्रिलला यादी बदलते. आमच्याकडे तेव्हा क्रमांक इकडचे तिकडे झाले आणि आई गोंधळल्या. पुन्हा स्कॅन करून मी त्यांच्या नऊ वाहिन्या फेव्हरिटमध्ये टाकल्या आणि रिमोटच्या त्या बटणावर लाल टिकली चिकटवली. पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेची शैक्षणिक वाहिनीही आहे. आकाशवाणीही येते. सकाळी स्वयंपाक करताना विविध भारती लावते, त्यात एफएमची खरखर नाही. याची आधी कल्पनाच नव्हती, आणि आता त्यावाचून करमत नाही.

क्रिकेटचं अनेकांना माहीत नसतं. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून जानेवारीत भारतातले टी-ट्वेंटी सामने आमच्याकडे डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसले आणि मुलगा कितीतरी महिन्यांनी आजीशेजारी सोफ्यावर बसला. आयपीएल मात्र नाही.

आणि नाही ती दुसरी गोष्ट म्हणजे झी मराठी, स्टार प्रवाह. संध्याकाळच्या मालिका बंद. हे मी आईंना आधी नीट सांगितलं नव्हतं, आणि ती माझी चूकच झाली. पहिले पंधरा दिवस त्या काही बोलल्या नाहीत, फक्त आठ वाजले की देवघरापाशी जाऊन बसायच्या. ते बघून मला राहवेना. "आई, केबल परत घेऊ या का?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, मी खाली जाते." तेव्हापासून एका मालिकेपुरत्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे जातात. दोघी मिळून बघतात आणि नऊला वर आल्या की मला कथा सांगतात. मावशींचे यजमान गेल्यापासून त्यांनाही तो तास अवघड जायचा, हे मला त्यानंतर कळलं. पण प्रत्येकाच्या इमारतीत अशा मावशी असतील असं नाही. घरात कुणाचा जीव एखाद्या मालिकेत अडकला असेल, तर केबल तोडण्याआधी त्यांना विचारा.

पैशांचा हिशेब मे महिन्यातच फिटला. सहा महिन्यांच्या केबलचे 2,280 झाले असते, आमचे गेले 2,200. चित्र केबलइतकं सुबक नाही. मोठ्या पडद्यावर काही सिनेमांच्या वाहिन्या धूसर दिसतात, आमच्या 32 इंची टीव्हीवर चालून जातं.

गणपतीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघणार आहे, तेव्हा छत्री पाइपवरून उतरवावी लागेल. काल वर जाऊन क्लॅम्प आणि पाइप यांच्यावर मिळून नेलपॉलिशने एक उभी रेघ ओढून आले, मागच्या कोनाच्या पट्टीवरही एक, आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवलेत.