कागदावर ४६ टक्के, डुकराच्या पोटात किती?

हॉटेलच्या शिळ्यापाक्यावर डुकरं पाळणाऱ्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. ज्यांच्याकडे मका भरडून, पेंड मिसळून घरचं खाद्य होतं, त्यांच्यासाठी लिहितेय.

आमची यॉर्कशायर जातीची बत्तीस डुकरं. शंभर किलो खाद्यात वीस किलो सोया डीओसी, म्हणजे तेल काढून घेतलेली सोयाबीनची पेंड. गेल्या पावसाळ्यात नेहमीच्या दुकानातला माल संपला, तेव्हा एक दलाल शेडवर आला. बाजारभावापेक्षा किलोमागे सहा रुपये कमी आणि सोबत लॅबचा रिपोर्ट. "वहिनी, आकडा बघा की. शेहेचाळीस टक्के प्रोटीन!" ओलावा, प्रोटीन, तेल, सगळं छापलेलं. फायबरचा रकाना तेवढा नव्हता. माझ्या तेव्हा ते लक्षातही आलं नाही. चाळीस पोती उतरवून घेतली.

तीन आठवड्यांनी वजनं केली. दिवसाला पाचशे ग्रॅमच्या पुढे वाढणारी पिल्लं साडेतीनशेवर अडकली होती. जंत असतील म्हणून औषध पाजलं. पाणी मात्र फार पीत होती आणि शेडमध्ये पाय ठेवला की अमोनियानं डोळे चुरचुरायचे. दीर म्हणाला, पावसाळी हवा आहे. शेजारच्या गोठ्यात हीच पेंड म्हशींना चालली होती, त्यांची काही तक्रार नव्हती. त्यामुळे पेंडीवर संशय जायला आणखी पंधरा दिवस गेले.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलाच प्रश्न केला, "यात खरं प्रोटीन किती?" मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी समजावलं. 'क्रूड प्रोटीन' काढताना लॅब प्रथिन मोजतच नाही. नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. गुणून बघा, २८७ टक्के 'प्रोटीन'! शंभर किलो पेंडीत एक किलो युरिया घातला की आकडा जवळजवळ अडीचनं चढतो. अनुदानाचा युरिया ४५ किलोला २६६ रुपये, त्यामुळे सोयाबीनचं टरफल दळून घालायचं आणि पडलेला आकडा युरियानं उचलायचा. टरफलानं फायबर वाढतं, ते कळू नये म्हणून तो रकानाच नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं, तीही हीच नायट्रोजनची चलाखी.

म्हशीच्या कोठीपोटातले जिवाणू थोड्या युरियापासून प्रथिन बनवतात. डुकराला तशी सोय नाही. त्याला लायसीनसारखी अमिनो आम्लं लहान आतड्यातच मिळायला हवीत. युरिया रक्तात जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. शेडमधला वास तिथून येत होता.

नमुना दुसऱ्या लॅबला पाठवला. क्रूड ४६, खरं प्रथिन ३४. म्हणजे दलालाचा कागद खोटा नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

आता नवा माल आला की मी घरीच बघते. मूठभर पेंड कोमट पाण्यात कालवून गाळायची. त्या पाण्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज युरिया फोडून अमोनिया करतं. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद त्यात धरायचा. लाल झाला तर पोती परत. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच हे. शेजारी खात्रीच्या पेंडीचं पाणीही ठेवा, म्हणजे रंगाची तुलना होते.

यात फक्त युरिया सापडतो. जास्त भाजलेली पेंड सुटून जाते. तिच्यातलं लायसीन साखरेशी बांधलं गेलेलं असतं, आकडा तोच राहतो आणि डुकराला ते पचत नाही. उलट कमी भाजलेल्या पेंडीत ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन पचवणाऱ्या पाचकरसाला, अडवणारे घटक शिल्लक राहतात. म्हणून लॅबला पाठवताना फायबर, खरं प्रथिन आणि केओएचमधली (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातली) प्रथिनाची विद्राव्यता, हे तिन्ही मागा. विद्राव्यता ढोबळमानानं ७३ ते ८५ टक्क्यांत हवी. खाली गेली तर पेंड जळकी, वर गेली तर कच्ची.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर नुसतं 'पशुखाद्य' लिहिलेलं, लॉट नंबर नाही, दलालाचा फोन बंद. उरलेली अकरा पोती नारळांच्या आळ्यात ओतली. यंदा झावळ्या अशा हिरव्यागार आल्यात की दीर म्हणतो, वहिनी, दलालाला परत बोलवायचं का?